अंड्याच्या ट्रेमधली स्प्रिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं — तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं, ते वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझं शिक्षण चौथी. पण हर्णैच्या बंदरात चाळीस वर्षं बोटींची इंजिनं खोलली आणि जोडली, कधी हातात तुकडा शिल्लक राहिला नाही. हे मी सगळ्यांना ऐकवायचो. फ्रँकलाही ऐकवलं होतं, माझ्या मोडक्या इंग्रजीत — "माय हँड, नो पीस लेफ्ट." तो हसला आणि त्या दिवसापासून मला "कॅप्टन" म्हणायला लागला. होतो मी मिस्त्री. पण कॅप्टन ऐकायला बरं वाटायचं, मी गप्प राहिलो.

फ्रँक म्हणजे इथे अमेरिकेत, आयसेलिनमध्ये, माझ्या मुलाच्या घरासमोर राहणारा म्हातारा. बायको गेलेली, माझ्यासारखाच एकटा. मुलगा-सून कामाला गेली की त्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकायचो. एक दिवस तो रस्ता ओलांडून आला आणि मासे धरायच्या काठीला लावतात ते, दोरा गुंडाळायचं एक जाम झालेलं रीळ माझ्या हातात ठेवलं. समुद्राच्या मिठाने त्याचा फिरवायचा दांडा हलत नव्हता. दोन दिवस व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं, जुन्या टूथब्रशने हिरवट थर काढला, बेअरिंग धुतली, तेल सोडलं. दांडा गर्रकन फिरला तेव्हा त्या माणसाने चक्क टाळ्या वाजवल्या.

अशी सुरुवात झाली. मग तो गॅरेज सेलमधून जुनी रिळं आणायचा, मी चहा करायचो. "कॅप्टन, धिस टी कॅन क्लीन द रील," म्हणायचा आणि दोन कप प्यायचा. त्या वर्षात मी घरात जेवढं बोललो नाही तेवढं त्याच्याशी बोललो, आणि आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती.

मग त्याने स्वतःचं रीळ आणलं. बायकोने दिलेलं, तीस वर्षं वापरलेलं. मासा ओढायला लागला की दोरा धरून ठेवणारा ब्रेक असतो, त्याच्या चकत्या झिजल्या होत्या. नव्या, कडक, कार्बनच्या चकत्या बसवायच्या होत्या. सोबत त्याने एक नकाशा दिला — प्रत्येक भागाचं चित्र, नंबर, नाव. मी तो घडी करून कपाखाली ठेवला. इंग्रजी वाचता येत नाही म्हणायला जीभ वळली नाही. माझी आपली पद्धत होती, अंड्यांचा रिकामा ट्रे. निघेल तो भाग क्रमाने एकेका खळग्यात. जोडताना उलटं यायचं.

शनिवारी रीळ जोडून दिलं. रविवारी सकाळी ट्रे झाडायला घेतला — आणि सातव्या खळग्यात, ग्रीसमध्ये चिकटलेली, तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग.

कसली होती, मला बघताक्षणी कळलं. दांडा उलटा फिरू नये म्हणून आत एक खटका असतो, त्याला दाबून धरणारी. टेबलावर मी दांडा तपासला होता, खटका धरत होता. पण तो घट्ट ग्रीसमुळे. उन्हात ग्रीस सैल पडलं की? आणि ब्रेक मी आधीपेक्षा कडक करून दिलेला.

फ्रँक बुधवारी मासे धरायला जाणार होता. मधे सोमवार होता, मंगळवार होता. रस्ता वीस पावलांचा. मंगळवारी तर त्याने अंगणातून हात केला, मीही केला. काय अडलं होतं? नो पीस लेफ्ट — तेच अडलं होतं. मनात म्हटलं, पुढच्या सफाईला हळूच बसवून टाकू.

बुधवारी दगडी धक्क्यावर मोठा मासा लागला, खटका सुटला, दांडा उलटा भिरभिरला. फ्रँकची उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

हाताला प्लास्टर, तसाच तो माझ्याकडे आला. एका हाताने रीळ खोलून पाहिलं होतं, स्प्रिंग नव्हती. मला वाटलं, आता विचारणार. त्याने विचारलं, पण वेगळंच. "कॅप्टन, डिड आय ओपन इट? आफ्टर यू गेव्ह इट बॅक?" आधीच्या महिन्यात तो गॅस चालू ठेवून बाहेर गेला होता, तेव्हापासून स्वतःवरचा विश्वास उडालेला. माझ्या हातावर शंका घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. आपणच ते उघडलं, स्प्रिंग हरवली आणि विसरलो — असं त्याला वाटत होतं. माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

मी म्हटलं, "मे बी, फ्रँक."

सॉरी हा शब्द मला येत नव्हता असं नाही. इथे आलो त्या आठवड्यातच शिकलो होतो.

त्याच्या मुलीला त्यानेच सगळं सांगितलं. गॅस, मग रीळ. तिने गाडीची चावी काढून घेतली. दोन महिन्यांत घर विकलं आणि ओहायोला तिच्या गावाजवळ, म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे नेलं. माझा मुलगा म्हणाला, "बरं झालं बाबा, एकटं राहणं सेफ नव्हतं त्यांना." मी मान हलवली.

जाताना फ्रँक ते रीळ मला देऊन गेला. त्याच्या हातात आता ते सुरक्षित नाही म्हणाला.

गाडी वळली, मी गॅरेजमध्ये आलो आणि स्प्रिंग बसवली. पाच मिनिटं लागली. रीळ उत्तम चालतं.

नाताळला त्याचा फोन येतो. मुलगा हाक मारतो, "बाबा, फ्रँक आहे, बोलता?" मी हाताने नाही म्हणतो. मुलाला वाटतं, इंग्रजीमुळे. मागच्या वेळी फ्रँकने मुलाला तीनदा एकच विचारलं — कॅप्टन मासे धरायला जातो की नाही. मुलगा म्हणाला, आता खरंच विसरायला लागलेत.

असेल. पण त्या वेळी तो काही विसरला नव्हता. ते रीळ त्याने उघडलं नव्हतं.