डोळ्यांचे औषध

मांडव्याचा धक्का जवळ आला तेव्हा पाण्यावर थंडीतले कोवळे ऊन उतरत होते. रो-रो बोटीच्या पोटातून गाड्या एकेक करून बाहेर पडल्या आणि डिझेलचा वास विरताच खारा वारा अंगाला भिडला. माझी मैत्रीण मृणाल मुंबईत लहान मुलांची डॉक्टर आहे. मुलांच्या आतड्यांत विषाणू शिरला की शरीर त्याला कसे तोंड देते, हा तिच्या अभ्यासाचा विषय. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या अंगणवाडीत ती आयांशी बोलणार होती. मी मात्र केवळ समुद्रासाठी निघाले होते.

अलिबागहून रिक्षा केली. नागाव, चौल मागे पडले. सुपारीच्या बागांची ओलसर सावली अंगावरून सरकत राहिली. कोळीवाड्याच्या तोंडाशीच माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी अनवाणी झाले. समोर वाळत घातलेला जवळा (बारीक कोळंबीसारखी मासळी) गुलाबी पसरला होता. त्या उग्र वासाने ओढणी नकळत नाकाशी गेली.

“गो बाय, आताच नाक धरलंस, मंग जेवशील कशी?” वाळता जवळा हाताने परतणाऱ्या पार्वतीबाईंनी हटकले. आमचे जेवण त्यांच्याचकडे होते.

“नाक धरूनच जेवेल,” मृणाल म्हणाली, आणि मासळीपाशी बसलेल्या साऱ्याजणी खळाळून हसल्या.

तांदळाची ऊन भाकरी, जवळ्याचे आंबट-तिखट कालवण. नाक धरायचे मी विसरूनच गेले. वाढत होती पार्वतीबाईंची सून जयवंती, वर्षभराच्या मुलाला कडेवर घेऊन.

दुपारी अंगणवाडीत पिवळसर औषधाची बाटली आली. अ जीवनसत्त्वाचा हा डोस. इथे त्याला ‘डोल्यांचा औषद’ (डोळ्यांचे औषध) म्हणतात. रातांधळेपणा टळावा म्हणून तो देतात, असेच आजवर सर्वांना सांगितले गेले होते.

“डोळ्यांसाठी आहेच,” मृणाल समजावू लागली, “पण आतड्याच्या अस्तरापाशी शरीराचे राखणदार असतात. जुलाबाचा विषाणू आला की ते त्याला अडवतात. त्यांना तिथवर पोचायला हे जीवनसत्त्व लागतं.”

“म्हंजे ह्यो पोटालाबी लागतो?” जयवंतीने विचारले.

“हो, लागतो ना.”

जयवंती भिंतीला टेकली. “माझ्या मुक्ताला न्हाय पाजला. अंगनवारीची ताई बोलवत व्हती, मीच हसली. बोलली, हिला कशाला डोल्यांचा औषद? खाडीच्या तोंडावर होरी (होडी) आली का सगल्यांच्या आधी हिलाच दिसते.”

मुक्ता तिची थोरली. मागल्या थंडीत उलट्या-जुलाबांनी गेली, पार्वतीबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. अलिबागच्या दवाखान्यात नेले, पण तोवर पोर सुकून गेले होते.

“ताई, पाजला असता तर ऱ्हायली असती का वो?” जयवंतीने मृणालला विचारले.

बाहेर कुणीतरी होडीवर हातोडा घालत होते. मृणालने हातातली बाटली खाली ठेवली.

“नाही सांगता येणार, जयवंती. डोस घेतलेली मुलंही आजारी पडतात. तुझ्यामुळे गेली, असं मी म्हणणार नाही. पण खरंच माहीत नाही.”

“तुमालाच ठाव न्हाय, मंग मी कुनाला इचारू?”

तिच्या स्वरात राग नव्हता. तिने मुलाला मांडीवर घेतले. “आ कर, राजा.” त्याने निम्मे औषध थुंकले. हनुवटीवरून उतरणारा पिवळा ओघळ तिने बोटाने निपटला आणि ते बोट पुन्हा त्याच्या तोंडात घातले.

परतताना रो-रोच्या कठड्याशी आम्ही दोघी उभ्या होतो. कविता लिहिता लिहिता मी नावांना जीव लावायला शिकले. डोळ्यांचे औषध, किती सुंदर नाव! त्या सुंदर नावाआड काय झाकले गेले, हे कळायला मला रेवदंड्याला जावे लागले.

“आता काय म्हणायचं त्याला?” मृणालने विचारले.

शेजारी कुणाची तरी चिमुरडी आईच्या खांद्यावरून एकदम ओरडली, “होडी! ती बघ होडी!”

मी पाहत राहिले. मला ती दिसायला बराच वेळ लागला.