कराची नव्हे, मस्कत

गेल्या वर्षी आमच्या गुरुजींच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ एक स्मरणिका काढली. लोणावळ्यात एकेकाळी टीव्हीवर अचानक परदेशी चित्र दिसू लागले, तेव्हा त्याचा छडा गुरुजींनी लावला, असे तिच्यात छापले आहे. बाजारात दुसरीच कथा चालते: ते पाकिस्तानचे केंद्र होते आणि पोलिसांनी माझा संच उचलून नेला. दोन्ही कथा खोट्या आहेत. छडा मी लावला आणि संच माझ्याच घरी राहिला. त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी आज मी एकटाच हयात आहे. तेव्हा आता माझे ऐकावे.

बाजारात माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. घर खंडाळ्याच्या अंगाला, उतारावर. पश्चिमेला समोर दरी, आणि तिच्यापुढे थेट कोकण. त्या काळी गावातल्या छपरांवरचे अँटेना दोनच दिशांना पाहत, सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे किंवा मुंबईकडे. माझा मुंबईकडे होता.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. एका संध्याकाळी, ज्या चॅनेलवर एरवी नुसत्या मुंग्या दिसत, तिथे एक माणूस उगवला. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला फेटा. खाली अक्षरे होती, पण ती पाण्यात पडल्यासारखी हलत होती. लहानपणी कुराण वाचायला शिकलेल्या मलाही ती लागेनात. पावसाळ्याआधी समुद्रावर तापलेल्या हवेचे थर साचतात आणि त्यांच्याखालून लहरी फार लांब जातात, हे मी वाचलेले होते. डोळ्यांनी मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

पाहता पाहता त्या संचातून मगरीबची, म्हणजे सूर्य मावळतानाची, बांग सुरू झाली. आमचा रोजा सोडून तास उलटला होता. स्वयंपाकघरातून माझी आई भांडे तसेच टाकून धावत आली.

"आरं, बांग तर आत्ता होतीया! मग मगाशी मी कशावर रोजा सोडला?"

"आई, ही आपली बांग न्हाई. टीव्हीतली हाय."

"टीव्हीत काय सूर्य निराळा हाय व्हय?"

मशिदीचे छापील वेळापत्रक दाखवून तिची समजूत घालायला मला बराच वेळ लागला. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यांचा सूर्य निराळा नव्हता. तो उशिरा मावळत होता. किती उशिरा, एवढेच मोजायचे होते.

मोजण्याआधीच गुरुजी येऊन गेले. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता आणि गावात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. ते पाच मिनिटे बसले, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात, भर गर्दीत, जाहीर केले की माझ्या घरी रोज संध्याकाळी कराची लागते.

हेच चित्र गुरुजींच्या संचावर दिसले असते, तर गावाने विज्ञानाचा चमत्कार म्हणून पेढे वाटले असते. ते माझ्या घरी दिसले. तीन दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले संच परत मागितले. जवळच्या इंदुरी गावचा एक शेतकरी तर उघडलेला संच तसाच न्यायला निघाला.

"भाऊ, झाला नसला तरी द्या."

"पार्ट उद्या येतोय. एक दिवस थांबा की."

"तुमच्यावर भरवसा हाय वो. पर घरात म्हातारी भ्यालीया. म्हणती, त्यांच्याकडनं आलेल्या टीव्हीत बी तेच लागंल."

मी त्याच्यासमोर स्क्रू घट्ट केले आणि संच त्याच्या हवाली केला. त्या दिवशी मला कळले की प्रश्न चित्राचा राहिलेला नाही. दुकानावरच्या माझ्या नावाचा झाला आहे.

चौथ्या दिवशी हवालदार आले. ठाण्यातला रेडिओ मीच दुरुस्त करीत असे, म्हणून ते संकोचलेले होते.

"साहेब म्हणाले, संच घेऊन या. काय करू, तक्रार आहे."

"न्या. पण आज संध्याकाळी आधी इथे बसा, आणि येताना गुरुजींना घेऊन या."

दोघेही आले. गुरुजी खुर्चीवर, हवालदार पलंगाच्या कडेला. मी शाळेचा जुना नकाशा पसरला.

"गुरुजी, सूर्याला एक रेखांश ओलांडायला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं. मला शिकवतोस?"

"तुम्हीच शिकवलंत. कराची आपल्यापासून किती रेखांश?"

त्यांनी बोट ठेवले. "सहा, साडेसहा."

"म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटं. उन्हाळ्यात उत्तरेला दिवस मोठा, त्याची दहा-बारा मिनिटं वाढवा. कराची असेल तर आपल्या बांगेनंतर चाळीस मिनिटांच्या आत तिथली बांग झाली पाहिजे. बरोबर?"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. हा शब्द मी हवालदारांना ऐकवून घेतला.

आमच्या मशिदीची बांग सात वाजून दहा मिनिटांनी झाली. आम्ही खजुरांनी रोजा सोडला आणि पाहुण्यांनाही खजूर दिले. चाळीस मिनिटे गेली. पडद्यावर तोच फेटेवाला बोलत होता. पन्नास. तास. हवालदार घड्याळाकडे आणि गुरुजी जमिनीकडे पाहू लागले. आठ वाजून वीस मिनिटांनी पडद्यातून बांग उठली.

"सत्तर मिनिटं," मी म्हणालो. "दहा-बारा वजा करा, उरलेल्याला चारानं भागा, आणि आपल्यापासून पश्चिमेला तेवढे रेखांश मोजा. बोट कुठे पडतं?"

बोट मस्कतवर पडले. माझा अँटेना ज्या रेषेत मुंबईकडे पाहत होता, तीच रेष नकाशावर समुद्र ओलांडून मस्कतला जाऊन टेकत होती.

गुरुजी सहजासहजी हरणारे नव्हते. "बांग ध्वनिमुद्रित असेल. केव्हाही लावतील."

"रोजा सोडायची बांग केव्हाही?" दारातून माझी आई म्हणाली. "गुरुजी, लोक उपाशी बसल्यात तितं!"

हवालदार मोठ्याने हसले. एरवी या सुमाराला चित्र विरून जाई. त्या दिवशी ते टिकून राहिले. आणखी दहा मिनिटांनी फेटेवाला गेला आणि पडदाभर घड्याळाची तबकडी आली. अक्षरे वितळली होती, पण काटे स्वच्छ होते. बरोबर सात. गुरुजींच्या मनगटावर साडेआठ वाजले होते.

"कराचीचं घड्याळ आपल्यामागे किती?" मी विचारले.

"अर्धा तास," गुरुजी हळूच म्हणाले.

हवालदार उठले. "दीड तास मागे असलेला देश आमच्या तक्रारीत नाही," असे म्हणून त्यांनी टोपी घातली आणि संचाला हातही न लावता ते गेले.

गुरुजी बसून राहिले. नकाशाची घडी घालत म्हणाले, "चुकलो बाबा."

"इथे नाही, गुरुजी. जिथे बोललात, तिथे."

हे मी निष्ठुरपणे बोललो, असे त्यांचा मुलगा म्हणतो. असेलही. पण माझे नाव माझ्या घरात मलीन झालेले नव्हते. ते हॉटेलात झाले होते.

आणि गुरुजी आले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वच्छ धोतर नेसून, छत्री टेकत आले. हॉटेल भरलेले होते. ते उभे राहिले आणि वर्गात बोलत तसे खणखणीत बोलले, "याच्या घरी लागलं ते कराची नव्हे, मस्कत. मी नकाशा न पाहता बोललो. यानं गणित करून दाखवलं."

मागच्या बाजूला भजी तळणाऱ्याला तेलाच्या आवाजात काही ऐकू आले नव्हते. "काय म्हणाले गुरुजी?" त्याने विचारले.

मी गुरुजींकडे पाहिले. त्यांनीही माझ्याकडे पाहिले, छत्री टेबलाला टेकवून ठेवली, आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सगळे पुन्हा सांगितले.