लग्नाच्या चालीतला वेताळ

हर्षालीच्या लग्नात मंगलाष्टकाच्या जागी वेताळ गायला गेला, ही चूक सर्वस्वी माझी. गाणाऱ्या राखीची नाही, भटजींची नाही, आणि ज्यांनी तो वेताळ लिहिला त्या केरूनानांची तर मुळीच नाही. माझा चष्मा घरी राहिला होता आणि झब्ब्याला दोन खिसे होते. एवढ्या सामग्रीवर माणूस वाटेल तो घोटाळा करू शकतो.

केरूनाना म्हणजे मखमलाबादचे फूलवाले. हर्षाली त्यांची नात. नातीसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला माझ्याकडे दिलं, कारण मी मराठीचा निवृत्त मास्तर. त्याच वेळी वहीतून फाडलेला आणखी एक कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. "हे निवांत वाचा, सर. पार शेवटपर्यंत." लग्नाला निघताना तपासलेलं मंगलाष्टक उजव्या खिशात गेलं, दुसरा कागद डाव्या. हॉलमध्ये राखी माईक धरून "काका, कागद!" म्हणाली आणि मी डावा दिला.

अक्षर तेच, शाई तीच, वृत्तही तेच. राखीचा गळा गोड. तिनं सूर लावला :

"काळ्या रात्रित पिंपळावरि जसा वेताळ तो बैसला..."

कोणाचंही लक्ष नव्हतं. मंगलाष्टकं ऐकायची नसतात, संपायची वाट बघायची असते. लासलगावकडच्या पाहुण्यांनी तर 'बैसला'वर भाबडेपणानं चार अक्षता उडवल्यासुद्धा.

"हाडांचा खुळखूळ वाजत तिथे वारा जरा थांबला..."

इथं भटजींनी मान वर केली. राखीलाही काहीतरी खटकलं असावं, पण गाणाऱ्याचा गळा उतारावरच्या सायकलीसारखा असतो.

"ये राजा, सरणावरी चढ अता, शेला नवा लेवुनी..."

राजा म्हणजे नवरदेव दीपक. त्यानं टाचा उंचावून अंतरपाटावरून पाहिलं. त्याच्या अंगावर खरोखरच नवा शेला होता. पलीकडे हर्षालीचे खांदे गदगदत होते. बायका म्हणाल्या, "पोर रडतेय गं." पोर हसत होती. तेवढ्यात भटजी जिवाच्या आकांतानं ओरडले, "शुभमंगल सावधान!" त्या शब्दाचा इतका योग्य उपयोग मी आजवर पाहिला नव्हता. ताशा कडकडला, लग्न लागलं. केरूनाना मात्र खुर्चीवरून उठून, कोणाशी न बोलता, हॉलबाहेर निघून गेले.

हे सगळं वृत्ताच्या एकपणामुळे झालं, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी पंचवटीत बिऱ्हाड केलं, तेव्हा नाना सायकलवरून फुलं आणत. मागे शेवंतीची पाटी, तिच्यावर ओलं फडकं. थंडीत त्यांच्या तोंडातून आणि फडक्यातून सारखीच वाफ निघायची. आमच्या ओट्याला पाय टेकून ते प्रतिभाला, म्हणजे माझ्या बायकोला, देवाची फुलं देत आणि मला आपल्या ओळी ऐकवत. ओळींत घुबड असे, तिरडी असे, नाहीतर अवसेला न्हाऊन निघालेली हडळ. प्रतिभा आतून म्हणे, "नाना, चहा घ्या, पण हडळीला फाटकाबाहेर ठेवा!"

नानांची शाळा सातवीपर्यंतची. वृत्त कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं. नानांना वृत्त हा शब्दच ठाऊक नव्हता. हार पोचवायला गेलं की लग्न लागेपर्यंत थांबावं लागे, त्यामुळे हजारभर लग्नांतली मंगलाष्टकं कानावरून गेली आणि ती चाल अंगात मुरली. "आपल्याला येकच चाल येती, सर. लग्नाची." आणि त्या एकाच चालीत ते स्मशान लिहीत. त्या चालीला शार्दूलविक्रीडित म्हणतात, असं मी सांगितल्यावर ते घाबरून म्हणाले, "असलं मी काय नाय केलं."

पण विषय असले का? त्याचंही कारण त्यांच्याकडे तयार होतं. "लग्नाच्या हाराला लोक धा नावं ठेवत्यात. झेंडू बारीक हाय, गुलाब मिटलाय. मयताच्या हाराला आजवर कोणी नाव ठेवलं नाय. गिऱ्हाईक गुणाचं."

गिऱ्हाईक गुणाचं असलं, तरी श्रोता मिळेना. एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अध्यक्षांनी दुसऱ्या ओळीलाच घंटी वाजवली. गजरे पोचवायला गेले असता एका हळदीकुंकवात बायकांनी हौसेनं कविता म्हणायला लावली. पहिल्या कवटीला निम्म्या बायका वाण तिथंच टाकून उठल्या. घरी त्यांची बायको सगुणाबाई कानांवर पदर घेत. असा हा चाळीस वर्षं लिहिणारा कवी, ज्याची एकही कविता कोणी शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

प्रतिभा गेली त्या दिवशी नाना सायकल हातात धरून चालत आले. शेवंतीचा हार स्वतः ओवलेला. आले, हार घातला, माझ्याजवळ बसून राहिले. संध्याकाळपर्यंत एक ओळ नाही. त्यांनी आयुष्यात पाळलेलं एवढंच मौन.

आता लग्नानंतर त्यांनी दुसरं धरलं. कोणीतरी ती गंमत मोबाईलवर टाकली होती. द्वारका चौकातल्या सिग्नलला माझ्या रिक्षावाल्याच्या मोबाईलमधून राखीचा आवाज आला, 'वेताळ तो बैसला', आणि तो हसून हँडलवर डोकं आपटायला लागला. ज्या माणसाला पूर्ण ऐकणारा एक माणूस हवा होता, त्याला मी गावभर हसणारे हजार मिळवून दिले होते. आता हा माणूस लिहायचा नाही, अशी भीती मला वाटली आणि मी रिक्षा तशीच मखमलाबादकडे घ्यायला सांगितली.

दारात सगुणाबाई. "या मास्तर! आजून कोणाचं लगीन लावायचं ऱ्हायलंय?"

"नाना कुठं आहेत?"

"बसलेत शेवंतीत. आठ दिस झाले, वहीला हात नाय. चाळीस वर्सं नवस बोलून मला जे जमलं नाय, ते तुमी दोन मिन्टात केलं." मग त्यांचा आवाज उतरला. "पण घर लय गप झालंय वो. करा कायतरी."

दुपारचं ऊन कलत होतं. नाना बांधावर बसून सुतळी वळत होते. मी घसा साफ केला. "नाना, माफी मागायला आलोय. लोक हसले त्याचं..."

"हसू द्या की. हसल्याचं काय नाय."

"मग?"

"चौथी वळ ऱ्हायली."

मला कळेना. नानांनी सुतळी खाली ठेवली. "राखीनं काय गायलं, सर! वेताळाला असा गळा कवा भेटला नव्हता. येक झाली, दोन झाल्या, तिसरी झाली. मला वाटलं, आता व्हती चौथी. अन् त्या भटानं सावधान केलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौथीपर्यंत कोणी आलंच नाय आजवर. तुमी बी नाय."

हे खरं होतं. मीही दर वेळी तिसऱ्या ओळीला "वा! एकोणीस अक्षरं!" म्हणून मोजायला लागे, आणि मग चहा येई.

"म्हणा," मी म्हटलं. "आज मोजणार नाही."

"सतरा कडवी हायेत."

"असू द्यात."

नाना उठून घरात गेले आणि वही घेऊन आले. त्यांच्या मागोमाग सगुणाबाईही आल्या आणि पदर कानांवर न घेता जरा लांब बसल्या. नानांनी पहिल्या तीन ओळी म्हटल्या आणि थांबले. सवय होती ती. कोणीतरी अडवेल म्हणून थांबायची. कोणी अडवलं नाही. मग त्यांनी चौथी म्हटली :

"वाटेला बघ ठाकला यम तुझ्या, हाती फुले घेउनी."

मला सायकल हातात धरून आमच्या फाटकाशी उभे राहिलेले नाना दिसले. पुढची सोळा कडवी मी ऐकली, पण खरं सांगायचं तर थोडी धूसर ऐकली. त्यांत घुबडं होती, चिता होत्या, एक हडळ तर फारच मोकळ्या स्वभावाची होती. सगळी लग्नाच्या चालीत. शेवटचं कडवं संपलं तेव्हा नाना वही मिटून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सगुणाबाई म्हणाल्या, "इतकं काय वंगाळ नव्हतं."

नानांनी पेन हुडकायला खिशात हात घातला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण मास्तर तो मास्तर. डोळे पुसून झाल्यावर मला काहीतरी शेरा दिल्यावाचून राहवेना. "नाना, अप्रतिम. पण सगळा अंधारच. शेवटी थोडं उजाडू द्यायचं होतं."

"उजाडलं का मला फुलं तोडाया जावं लागतं, सर."