पडद्याबाहेरचा डाव

पिंप्राळ्याच्या यशोदाबाईला बुद्धिबळ शिकवलं तिच्या वडिलांनी. लग्नानंतर नवरा निंबा रोज तिच्याकडून हरायचा आणि गावभर कौतुक सांगायचा. सदतीस साली धुळ्याच्या धर्मशाळेत स्पर्धा ठरली, तेव्हा निंबानंच तिचं नाव घातलं.

पंचांनी अट घातली, बाईनं पडद्यामागे बसावं. ती आत आपल्या पटावर खेळायची. निंबा ती चाल बाहेरच्या पटावर लावायचा आणि समोरच्याची चाल तिला सांगायचा. अशी ती शेवटच्या डावापर्यंत पोचली. तिथं गाठ पडली रतिलालशी. गेली दोन वर्षं विजेत्याची ढाल त्यानंच नेली होती.

"पडद्याआड बाई नावालाच आहे," तो पंचांना म्हणाला. "चाली हा निंबाच खेळतो."

यशोदाबाईनं ते ऐकलं. पडदा सारून ती बाहेर आली आणि रतिलालच्या समोर बसली. सभेत गलका झाला. एक पंच उठले, "बाई, आत जा."

"डोकं मनं शे का त्यासनं, समोरासमोर दखा," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. पंचांनी मग तिला तिथंच खेळू दिलं. निंबा लांब भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

तिनं मधली प्यादी हलवलीच नाहीत. वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि त्या जागी उंट आणून बसवला. रतिलाल हसला. "कडेनं कुठं निघालात?"

"मधला रस्ता तुम्हना. मी बांधवरतीन येस."

रतिलालनं मधला भाग प्याद्यांनी भरून टाकला. ती त्यातलं एकेक प्यादं मारत राहिली. दुपार कलली तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"बरोबरी मानू," तो म्हणाला. "बाईमाणसाला हरवण्यात मला काय भूषण?"

"आधी जिंका तरी. मंग भूषणनं दखू."

मधलं शेवटचं प्यादं हटलं तसा तिचा उंट तिरका सुटला आणि त्यानं पार पलीकडच्या कोपऱ्यातला हत्ती मारला. थोड्या चालींनी रतिलालनं आपला राजा आडवा केला.

पंचांनी पुकारलं, "विजेते, निंबा पाटील यांचं कुटुंब."

यशोदाबाईनं ढालीला हात लावला नाही. "मना नाव यशोदाबाई शे. तेच पुकारा."

पंच घुटमळले. भिंतीजवळून निंबा ओरडला, "पुकारा ना!" मागे डाव बघत बसलेले शेतकरीही ओरडू लागले. तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हाच तिनं हात पुढे केला.

सून पडदा सोडून भर सभेत बसली म्हणून सासऱ्यानं पुढे वर्षभर तिच्याशी अबोला धरला. तिनंही तो मोडावा म्हणून विनवण्या केल्या नाहीत.