वेर्नरसाहेबांचं नाक

बाटली संपली की ती रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्यांच्या पेटीत टाकून येता येते. किस्से कुठे टाकायचे? ते घरातच साठत जातात.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. जर्मनीत लुडविग्सहाफेनला मी मुलगी शुभा आणि जावई मिलिंदराव यांच्याकडे राहायला गेलो. खालच्या मजल्यावर वेर्नरसाहेब, एकटेच. जन्मभर वाइनच्या तळघरात काम केलेले. दर शनिवारी दुपारी ते एक बाटली उघडायचे आणि आम्हा तिघांना बोलवायचे.

मी पीत नाही. मिलिंदराव म्हणाले, "आप्पा, प्यायची नाहीच. तोंडात फिरवायची आणि थुंकायची."

टेबलावर थुंकायला खास भांडं! तंबाखू थुंकतो म्हणून शुभा जन्मभर माझ्याशी भांडली. त्या दिवशी मी लांबून नेम धरला. वेर्नरसाहेबांनी टाळी वाजवली, शुभानं मला चिमटा काढला.

* * *

एकदा फ्रान्सची भारी लाल वाइन होती. वेर्नरसाहेबांनी समजावलं, तीन-चार जातींची द्राक्षं, प्रत्येकीची वाइन वेगळी करायची, मग मिसळायची. एकीनं कणा द्यायचा, एकीनं मऊपणा, एक अगदी थोडी, वासापुरती.

मी म्हणालो, "म्हणजे थालीपिठाची भाजणीच की. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मग एकत्र दळायचं." माझी तीस वर्षं पिठाची गिरणी होती.

शुभानं ते जर्मनमध्ये सांगितलं. सगळ्यात अवघड काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, धने. जास्त पडले तर बाकी कुणाचं काही चालत नाही.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. मग मी आठवडाभर बेकरीत, बसमध्ये, सगळीकडे गेनाऊ म्हणत सुटलो. कुणाचीच हरकत नव्हती.

* * *

त्या हिवाळ्यात वेर्नरसाहेबांना मोठा ताप आला. बरे झाल्यावर त्यांनी जुन्या सोबत्यांना बोलावलं, तीच लाल वाइन उघडली, पहिला घोट घेऊन तोंडभर कौतुक केलं. मी ग्लास नाकाशी नेला. भिजलेल्या पोत्याचा वास! बाटली खराब झाली होती आणि त्यांना कळलंच नव्हतं.

पाहुणे ग्लास उचलणार, इतक्यात माझं कोपर लागून टेबलच कलंडलं. पांढरी चादर लाल झाली. शुभा किती बोलली मला!

* * *

दुसऱ्या दिवशी वेर्नरसाहेब वर आले. म्हणाले, "तुमचं कोपर हुशार आहे." मग हळूच सांगितलं, तापानंतर वासच येत नाही.

तेव्हापासून शनिवारी मी हुंगायचो आणि ते वहीत लिहायचे. त्यांची वही माझ्या गिरणीनं भरली. तापलेला पट्टा, ताजं ज्वारीचं पीठ, पावसाळी लाकूड. रोज सकाळी मात्र ते एकटे कॉफी हुंगत बसायचे. महिने गेले. शेवटी म्हणाले, वास नाही तर मी या बाटल्यांचा नुसता राखणदार. घराखालच्या तळघरात साठवलेल्या सगळ्या बाटल्या विकायचं ठरलं.

* * *

व्यापारी शनिवारीच आला. कागद पसरले. सहीआधी वेर्नरसाहेबांनी शेवटचं म्हणून त्याच फ्रेंच वाइनची बाटली उघडली, ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ तसेच बसले. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. आपली खुर्ची माझ्यापासून हातभर लांब सरकवली. पुन्हा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. मग शुभाकडे वळून अगदी त्रासून विचारलं,

"तुझे वडील डोक्याला लावतात तरी काय?"

मिलिंदराव उठले आणि व्यापाऱ्याचा कोट घेऊन आले.