साधं की भारी

"ताजं कोणतं आहे?" असं मी पेट्रोल पंपावर विचारलं, आणि त्या एका प्रश्नानं माझ्या सासुरवाडीत माझी पत वाढली. वाढली ती अशी, की पुढं ती मलाच पेलवेना.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. आमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मी अमरावतीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सासुरवाडी दर्यापूरच्या पुढं, काळ्या रानातल्या एका खेड्यात. सासरे शेतकरी. त्यांनी लष्करी लिलावातून फिरत फिरत आलेला एक जुना पिकअप ट्रक घेतला होता. पुढं तिघांना दाटीवाटीनं बसायला जागा, मागं उघडा हौदा. दिवाळीच्या सुट्टीत तो ट्रक घेऊन मेहुणा आम्हां नवराबायकोला न्यायला आला. निघताना पंपावर गाडी थांबली. पंपवाल्यानं माझा इस्त्रीचा सदरा पाहून मलाच मालक ठरवलं आणि विचारलं, "साहेब, साधं की भारी?"

दोन जातींचं पेट्रोल तेव्हा आमच्याकडं नवंच होतं. एक साधं, दुसरं जादा ऑक्टेनचं आणि जादा दराचं, त्यालाच पंपवाले भारी म्हणत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. इराणात तेल कुठं सापडतं ते मी वर्गात छडीनं नकाशावर दाखवायचो. ते गाडीत कुठल्या बाजूनं घालतात हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. पण साहेब म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? बाजारात वांग्यांपुढं उभं राहून जे विचारतो, तेच मी विचारलं.

पंपवाला माझ्याकडं जरा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "भारी. सकाळीच टँकर आला."

"मग तेच द्या."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मेहुणा मात्र गंभीर झाला. शहर मागं पडलं. मग म्हणाला, "भाऊजी, म्या आजलोक एवढं पेट्रोल भरलं, पन ताजं का शिळं, हे काई कधी इचारलं नाई."

"विचारावं लागतं," मी म्हणालो.

रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट माझ्या आधी पाटावर येऊन बसली होती. सासऱ्यांनी माझ्या पानात स्वतः तूप वाढलं आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमी एवढे जानकार आहात तर आमची एक अडचन पाहा."

अडचण अशी होती. गावाबाहेर एक नाला होता. उतारानं खाली जायचं, रपट्यावरून, म्हणजे पाण्यात घातलेल्या फरशीवरून, पाणी ओलांडायचं आणि समोरची चढण चढायची. रिकामी गाडी सुखानं चढे. भरली गाडी मात्र चढणीच्या मध्यावर आली, की इंजिनातून टकटक सुरू व्हायची. पितळी तांब्यावर कोणी चमचा वाजवावा तशी. ऐकणाऱ्यांचं मत पडलं, की इंजिन आता थोड्या दिवसांचा सोबती. सासऱ्यांनीही अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका ढेपेच्या व्यापाऱ्याशी बोलणं लावून ठेवलं होतं. इंजिन बसायच्या आत गाडी विकायची आणि बैलजोडी घ्यायची.

"पाहतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सकाळी मागच्या अंगणात बायकोनं मला गाठलं. माहेरी आली की तिची बोली दोन दिवसांत माहेरची होई.

"गाडी इकू देऊ नका," ती म्हणाली.

"मी कोण विकू न देणारा?"

"तुमी जवाई. तुमचं ऐकतीन. गाडी गेली तं आई काई आपल्या घरी येत नाई."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या घरात रीत अशी, की नातवंड होईपर्यंत आईनं लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही. आलं तर दिवस मावळायच्या आत परत. बैलगाडीनं दर्यापूर, तिथून यष्टीनं अमरावती, आणि तसंच उलटं, हे एका दिवसात जमणारं नव्हतं. पिकअपनं जमणार होतं. सुट्टी संपली की आम्हाला सोडायला गाडी येणार आणि सासूबाई तिच्यातून येऊन संध्याकाळी परतणार, असं मायलेकींचं ठरलं होतं. त्यासाठी एक हिरवं लुगडंही बाजूला काढून ठेवलेलं होतं.

"तिनं माहं घर पाह्यलंच नाई अजून," बायको म्हणाली. "चूल कुठी, पानी कुठून येते, मी सांगत रायते अन् ती नुसती मनात मांडत बसते."

आता मला काहीतरी करणं भागच होतं. मी सासऱ्यांना सांगितलं, की रोग इंजिनाचा नाही, खुराकाचा आहे. ओझं ओढणाऱ्या बैलाला नुसत्या कडब्यावर ठेवलं तर तो चढणीवर कण्हणारच. त्याला सरकी हवी, ढेप हवी. भारी पेट्रोल म्हणजे इंजिनाची सरकी. हे मला कुठून सुचलं देव जाणे, पण सासऱ्यांना ते फार पटलं. ते जुने शंकरपटवाले. तरुणपणी पटात बैलजोड्या पळवून त्यांनी पंचक्रोशी गाजवली होती, आणि पटाच्या बैलाचा खुराक हा त्यांच्या आवडीचा विषय होता.

पारख लगेच करायची ठरली. टाकीत अमरावतीचं भारी होतंच. ओझं म्हणून पोती चढवायला लागले, पण ती चढण्याआधी निम्मं गाव हौद्यात चढून बसलं, त्यामुळे पोती उतरवावी लागली. मेहुण्यानं चाक धरलं. मी पुढं, मानानं. गाडी उतारावरून धडधडत गेली, रपट्यावर पाणी उडालं, आणि आम्ही चढणीला लागलो. वर पोचल्यावर सगळी मंडळी खाली उतरली आणि माझ्याभोवती जमली.

"काई आवाज आला?" सासऱ्यांनी विचारलं.

"बिलकुल नाई," एक म्हातारबा म्हणाले.

"गाडी चालली का उभी आहे, तेच समजून नाई राह्यलं," दुसरा म्हणाला.

"जवाईबापूनं सांगतलं तसंच झालं."

मी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं. मनातल्या मनात शाळेत भूगोलाबरोबर विज्ञानही मागून घ्यावं का, असा विचार केला.

बायको बायकांबरोबर नाल्याच्या काठावर उभी होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "होती."

"काय?"

"टकटक. पहिले होती तेवढीच."

"पण सगळे म्हणाले..."

"तुमी जवाई आहात. उद्या तुमी खारट भाजीले अळनी म्हना, आई तिच्यात वरून मीठ टाकीन. तुमच्या पेट्रोलाले नाव ठेवनारं मानूस या गावात मिळनार नाई. तुमाले नाई का ऐकू आली?"

खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो. लोक माझ्याकडं कसं पाहतात, ते पाहत होतो.

सासऱ्यांच्या कानांवरही भिडेचा पडदा नव्हता, तो फक्त जिभेवर होता. दोन दिवसांनी ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, की उद्या ज्वारी घेऊन अकोल्याला जातो, ज्वारी बाजारात घालतो, गाडी व्यापाऱ्याकडं ठेवतो आणि यष्टीनं परत येतो. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. सासूबाईंनी हिरवं लुगडं परत पेटीत ठेवलं. बायको माझ्याकडं न पाहता भाकऱ्या थापत राहिली.

अकोल्याला निघायच्या दिवशी पहाटे गोठ्यात बैलानं मेहुण्याच्या पायावर पाय दिला. पाय टम्म सुजला, क्लच दाबणं शक्य नव्हतं. घरात गाडी चालवणारा तो एकटाच. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

लायसन्स माझ्याकडं होतं. कॉलेजात असताना एका मित्राच्या हौसेपायी काढलेलं. गाडी चालवता येत नव्हती, एवढंच. पण पेट्रोल ताजं आहे का ते ओळखणाऱ्या माणसानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी बसलो. सासरे शेजारी. मेहुणा पाय पुढं पसरून हौद्यात ज्वारीच्या पोत्यांवर, अकोल्याच्या डॉक्टरला पाय दाखवायला.

पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात दांडा गेला तो नशिबानं. पुन्हा हात लावला तर तो कुठं जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी हात लावलाच नाही. दुसऱ्या गिअरमध्येच गाव सोडलं, दुसऱ्यातच उतार उतरलो, दुसऱ्यातच रपटा ओलांडला. चढण आली. गाडी गुरगुरत, म्हशीच्या चालीनं वर निघाली. मध्य आला तसे मी दात आवळून कान टवकारले. सासरेही खिडकीबाहेर डोकं काढून ऐकत होते.

टकटक झाली नाही.

वर आल्यावर सासऱ्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला धीर आला. मी म्हणालो, "पाहिलंत मामाजी? हे भारी पेट्रोल. त्या दिवशी ते अजून अंगी लागलं नव्हतं."

मागून मेहुण्याचा आवाज आला, "भाऊजी, भारी परवाच सरलं. मंग म्या दर्यापुरातून साधं भरून आनलं."

"मला बोलला नाहीस?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

सासऱ्यांनी गिअरच्या दांड्याकडं बोट दाखवलं. "हा कितव्यात आहे?"

"दुसऱ्यात."

"काहून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला तिसऱ्यात टाकता येत नाही," मी म्हणालो.

ते खिडकीतून मागं वळले. "तू चढन कितव्यात चढवतो रे?"

"टॉपमदी."

"खाली काहून घेत नाई?"

"खाली घेतला तं लोकं म्हनतीन, गाडी दमली. तुमीच तं सांगतलं, चढावर जोडी आवरली तं पट गेला."

सासऱ्यांनी डोकं खिडकीतून आत घेतलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते हसतायत हे मला जरा उशिरा समजलं. "अरे, पटाची जोडी वेगळी, वझ्याची वेगळी," ते डोळे पुसत म्हणाले. "म्याच शिकोलं याले, अन् म्याच इंजिनाले दोष देऊन राह्यलो." त्यांनी गाडी पुन्हा खाली नेऊन पुन्हा चढवायला लावली. खाली जाताना मी क्लच दाबून, मागं न पाहता गाडी उतारावरून मागं सोडली, त्यात काठची एक बाभळ जखमी झाली. पण चढताना इंजिन शहाण्यासारखं गुरगुरलं, वाजलं नाही.

अकोल्यापर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच गेलो. सायकलवाले आम्हाला मागं टाकून, वळून वळून पाहत पुढं जात होते. इंजिन एवढं तापलं, की तीनदा थांबून पाणी पाजावं लागलं. सासऱ्यांची तक्रार नव्हती. ज्वारी विकली, मेहुण्याच्या पायाला पट्टी बांधली, आणि मग आम्ही जुन्या शहरात व्यापाऱ्याकडं जाऊन चहा घेतला. तो बाहेर येऊन गाडीभोवती फिरायला लागला, तसे सासरे म्हणाले, "राहू द्या शेठ. आमच्या जवाईबापूनं दुरुस्त केली."

मी उरलेला चहा बशीत ओतून घेतला.

सुट्टी संपल्यावर सासूबाई आमच्याबरोबर अमरावतीला आल्या. मेहुण्याचा पाय बरा झाला होता, चढणीवर तो मुकाट्यानं गिअर खाली घेत होता. पंपावर मला कुणी काही विचारायच्या आत मीच "साधं" म्हणालो. घरी आल्यावर हिरव्या लुगड्यातल्या सासूबाईंनी आमच्या दोन खोल्या बारकाईनं पाहिल्या. नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. चूल जरा भिंतीकडं सरकवली. मसाल्याचा डबा उघडून हुंगला आणि काही न बोलता स्वतःच्या पिशवीतलं तिखट त्यात भरलं. लेकीनं केलेली भाकरी त्या चुलीपुढं बसूनच जेवल्या. उन्हं कलायला लागली तशा उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी बायको दारातच उभी होती. डोळे ओले होते, पण चेहरा खुशीत होता. मलाही उदार व्हावंसं वाटलं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी त्यांना आणायला मीच जातो. आता मला गाडी येते."

"आई पुढच्या महिन्यात सांडगे घेऊन येते म्हनाली," बायको म्हणाली. "पन तुमी आनाले जाऊ नका. तिले त्याच दिवशी परत जा लागते."