राउटरची वीट कशी झाली

आमच्या घरातला राउटर म्हातारपणाने गेला नाही, तो माझ्या हातून गेला.

वय झालं होतं त्याचं, हे खरं. आठ वर्षं तो केनवडच्या आमच्या घरात भिंतीवर लटकला होता. एक अँटेना मोडली होती, ती मी काळ्या टेपने उभी केली होती. पण गेले तीन-चार महिने त्याने अंगच टाकलं. संध्याकाळ झाली की व्हिडिओच्या मधोमध गोल फिरायला लागायचा, आणि बघणारा माणूसही त्याच्याबरोबर गरगरायचा!

"रिसोडले जा अन् नवा घेऊन या," बायको म्हणाली. सुनंदाचा कारभार सरळ आहे. "याले कायले कुरवाळून राह्यले?"

पण मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. बिघडलेली वस्तू फेकण्याआधी ती का बिघडली हे कळलं नाही तर मला जेवण जात नाही. मी वाचायला बसलो आणि दोन दिवसांत मला एक अद्भुत गोष्ट समजली. राउटरचं यंत्र सहसा ठणठणीत असतं, आतली प्रणाली जुनी झालेली असते. कंपनी तिच्याकडे बघणं सोडून देते. मग जगभरातले हौशी लोक स्वतः नवी प्रणाली लिहितात आणि फुकट वाटतात. तिला म्हणतात कस्टम फर्मवेअर. ती भरली की जुना राउटर पुन्हा तरणाताठा! शिवाय घरात कोण किती नेट ओढतंय याचा नावानिशी तक्ता दिसतो. त्या तक्त्याने मला वेड लावलं.

हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. अठ्ठ्याहत्तरीतही घरामागच्या मळ्यात मेथी, पालक आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचा नव्हे) पिकवतात.

"म्हंजे जुन्या बैलाले नवं डोस्कं," आबा म्हणाले.

"हो, तसंच."

"अन् बैल मेला त?"

"मरत नाई आबा!"

हे ऐकून आमची मुलगी पूजा मात्र हादरली. शनिवारी दुपारी बाराला तिची ऑनलाइन मुलाखत होती. पुण्याची कंपनी, ग्राहकांच्या तांत्रिक तक्रारी सोडवायचं काम.

"बाबा, मुलाखत होईपर्यंत त्या डब्याले हात लावायचा नाई. घ्या शपथ."

घेतली.

शनिवारी शाळा सकाळची. साडेदहाला घरी आलो. पूजा न्हाणीघरात, सुनंदा स्वयंपाकात, आणि राउटर समोर. माहितीत लिहिलं होतं, 'लागणारा वेळ : पाच मिनिटे'. माझ्या हातात तर दीड तास होता! मनात म्हटलं, पोरीची मुलाखत काय असल्या मरतुकड्या नेटवर होऊ द्यायची? बापाचं काही कर्तव्य आहे की नाही? (कर्तव्य वगैरे नंतर सुचलं. मला तो तक्ता बघायचा होता.)

मी राउटर उलटा केला. एकाच मॉडेलच्या अनेक आवृत्त्या असतात, प्रत्येकीची फाइल वेगळी. चुकीची टाकली तर काय होतं ते तिथे लाल अक्षरात लिहिलं होतं. आवृत्तीचा आकडा राउटरच्या पोटावर छापलेला असतो, पण आमच्याकडचा सुनंदाने आठ दिवाळ्या ओल्या फडक्याने पुसून अर्धा उडवला होता. तीन असावा. किंवा आठ. भिंग लावलं तरी तीन किंवा आठच. फाइल मात्र फक्त तीनची मिळत होती.

शेवटी मोतीबिंदू काढलेले, म्हणून घरात सगळ्यात ताजे डोळे असलेले आबा बोलावले.

"आबा, हा आकडा तीन हाय ना?"

"तुले किती पाह्यजे?"

"तीन."

"मंग तीन हाय."

दोघांचं एकमत झालं! मी फाइल चढवली. राउटरने बिचाऱ्याने एकदा स्पष्ट विचारलं, 'ही फाइल या उपकरणासाठी नाही, तरीही पुढे जायचे?' मी 'हो' दाबलं. पट्टी सरकायला लागली. साठ टक्के, ऐंशी टक्के, शंभर! सगळे दिवे विझले. मग एक लाल दिवा लागला आणि तो लागला तो लागलाच.

मी सुनंदाच्या सेफ्टी पिनेने रीसेटचं बटण दाबून पाहिलं. दहा सेकंद, तीस सेकंद, मग वायर काढून, मग देवाचं नाव घेऊन. लाल. आमच्या घरात मोबाइलला जेमतेम एक काडी रेंज येते, तीही मागच्या खिडकीत. तिथे लटकून मी उपाय शोधला. उपाय मिळाला नाही, नाव मिळालं. अशा राउटरला जाणकार लोक 'वीट' म्हणतात.

"वीट भिंतीत तरी बसते," आबा म्हणाले.

तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून पूजा बाहेर आली. "बाबा, नेट काहून गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातातली पिन बोलली.

ती रडली नाही, ओरडली नाही. (त्याचीच मला जास्त भीती वाटली.) घड्याळ बघितलं, सव्वाअकरा. मग तिने वायर धरली आणि तिच्यामागे भिंत धरून चालत गेली. बाहेरून येणारं नेट आमच्या स्वयंपाकघरातल्या एका छोट्या डब्यात उतरतं आणि तिथून राउटरला जातं. तिने राउटरची वायर उपटली, त्याच डब्यातून हातभर लांबीची दुसरी थेट लॅपटॉपला जोडली आणि काहीबाही आकडे टाकत बसली. बाराला दहा कमी असताना नेट आलं. आणि काय धावलं! पाण्यासारखं!

अडचण एवढीच की डबा उंच आणि वायर तोकडी. त्यामुळे पूजा कोपऱ्यातल्या सोयाबीनच्या पोत्यांवर चढून बसली. मांडीवर लॅपटॉप, अंगात इस्त्रीचा ड्रेस. मागचे मसाल्याचे डबे झाकायला सुनंदाने चादर टांगली, कुकर उतरवला आणि मला बोट दाखवून परसात आबांकडे घालवलं.

मुलाखत सुरू झाली. पाच मिनिटांत मागच्या दारी शेजारच्या मंदाताई हजर.

"आबाजी, नेट गेलं काय जी तुमचं? माही सिरीयल अटकली!"

"तुमची सिरीयल? आमच्या नेटवर?" मी विचारलं.

"मंग? आबाजीनं पासवर्ड देल्ला न, मेथीच्या जुडीसंगं!"

त्यांच्या मागून गिरणीवाले भाऊ आले. त्यांच्या मागून शिलाईवाल्या वहिनी, त्यांचं ब्लाउजचं डिझाइन अर्ध्यावर थांबलं होतं. मग पलीकडच्या आळीतले दोन गृहस्थ, ज्यांना मी ओळखतही नव्हतो. ज्या तक्त्यासाठी मी राउटर मारला, तो तक्ता आता आमच्या परसात चपला काढून उभा होता!

"आबा," मी दबक्या आवाजात विचारलं, "किती जणांना दिला पासवर्ड?"

"जो आला त्याले देल्ला. पानी मांगतलं त नाई म्हनतो काय आपन?"

म्हणजे राउटर म्हातारा नव्हताच. तो बिचारा एकटा अर्धं गाव ओढत होता, आणि मी त्याचं डोकं बदलायला निघालो होतो.

"राउटर मेला," मी जाहीर केलं.

"बाप्पा! कोनं मारला?" मंदाताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आत सुनंदा दचकली, तिचा धक्का चादरीला लागला आणि चादर खाली. खिडकीतून मला दिसलं : पोत्यांवर पूजा, मागे हळदी-तिखटाचे डबे, आणि डब्यांच्या शेजारी चादर हातात धरून कॅमेऱ्याकडे बघून हसणारी माझी बायको.

अर्ध्या तासाने पूजा बाहेर आली. सगळा परस तिच्याकडे सरकला.

"त्यायनं इचारलं, मागं कायची गर्दी हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मंग खरं सांगतलं. सगळंच."

नवा राउटर त्याच संध्याकाळी आला. सुनंदा स्वतः रिसोडला जाऊन घेऊन आली. त्याचा पासवर्ड आबांना माहीत नाही आणि मलाही नाही.

आठ दिवसांनी पूजाला नोकरीचं पत्र आलं. तेव्हा तिने राहिलेलं सांगितलं. मुलाखतीत प्रश्न होता, 'तुम्ही अलीकडे सोडवलेली एखादी तांत्रिक अडचण सांगा.' तिने कॉलेजच्या प्रोजेक्टचं उत्तर पाठ केलं होतं, पण त्याऐवजी तासाभरापूर्वीची हकिगत सांगितली. समोरचे तिघे पोट धरून हसले आणि तिघांनाही उत्तर पसंत पडलं.

पंचवीस वर्षं शिकवतोय, पण माझ्यामुळे कुणाला थेट नोकरी लागल्याचं हे पहिलंच उदाहरण. फक्त मुलाखतीत माझा उल्लेख 'मार्गदर्शक' म्हणून नव्हता, 'अडचण' म्हणून होता!